वायपर भुजा

मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पावसाचे पाणी, चिखल, धूळ व हिम पुसून काढणाऱ्या साधनास वायपर किंवा काचपुसणी म्हणतात. या साधनातील रबरी पाते ज्या स्प्रिंगयुक्त दांड्याच्या टोकाला बसविलेले असते त्या दांड्याला वायपर भुजा ही संज्ञा आहे. चलित्रापासून येणारी गती पात्यापर्यंत पोहोचविणे, पात्याला काचेवर ठराविक दाबाने टेकवून ठेवणे आणि ते काचेशी योग्य कोनात उभे राखणे ही भुजेची तीन कामे होत. यांपैकी एकही काम बिघडले, तर पाते कितीही चांगले असले तरी काच नीट पुसली जात नाही. अशा वेळी भुजा बदलावी लागते.

वायपर हे वरवर किरकोळ वाटणारे साधन असले, तरी पावसात गाडी सुरक्षितपणे चालविणे सर्वस्वी त्यावर अवलंबून असते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सु. १७ मी. अंतर तोडते. वायपर मिनिटाला ४५ आवर्तने करीत असेल, तर काचेवरून पाते सरासरीने दर दोन-तृतीयांश सेकंदाला एकदा फिरते. म्हणजेच दोन पुसण्यांच्या दरम्यान गाडी सु. ११ मी. पुढे गेलेली असते. भुजेच्या दोषामुळे पात्याची एक खेप वाया गेली, तर चालक त्याच्या दुप्पट अंतर अस्पष्ट काचेतून पाहत कापतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश न पुसलेल्या थेंबांवर विखुरला जातो आणि रस्त्याची कड, पादचारी वा बैलगाडी दिसेनाशी होते. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात व सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्या वाहनांच्या बाबतीत म्हणूनच वायपरची सुस्थिती ही गतिरोधकांच्या सुस्थितीइतकीच महत्त्वाची ठरते.

इतिहास : अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन (१८६६–१९५३) या न्यूयॉर्क शहरी गेल्या असताना, हिमवर्षावात तेथील विद्युत् ट्रामगाडीच्या चालकाला समोरचे दिसण्यासाठी काच उघडावी लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी गाडीच्या आतील तरफेने हलविता येणारी, बाहेरच्या बाजूस रबरी पाते असलेली भुजा योजिली व १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे एकस्व मिळविले. पाते काचेला टेकून राहावे म्हणून त्यांनी प्रतिभाराचा उपयोग केला होता; तसेच गरज नसेल तेव्हा भुजा काढून ठेवण्याचीही सोय केली होती. भुजा सुटी करता येणे व तिने काचेवर दाब देणे ही आजच्या भुजेचीही दोन मुख्य लक्षणे या पहिल्या रचनेत आढळतात, हे लक्षणीय आहे. एकस्वाची मुदत संपेपर्यंत या शोधापासून त्यांना आर्थिक लाभ मात्र झाला नाही. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन ॲडम्स यांनी १९११ मध्ये आपल्या वायपरचे एकस्व घेतले.

सुरुवातीचे वायपर हाताने चालवावे लागत. एका हाताने सुकाणूचक्र व दुसऱ्याने वायपर अशी कसरत चालकाला करावी लागे. अमेरिकेत विल्यम फोल्बर्थ यांनी एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील निर्वाताचा उपयोग करून चालणारा स्वयंचलित वायपर तयार केला आणि त्याचे एकस्व त्यांना १९२२ मध्ये मिळाले. निर्वातावर चालणाऱ्या या वायपरमध्ये एक मूलभूत उणीव होती. चढावर वा दुसऱ्या वाहनास मागे टाकताना चालक एंजिनाची झडप पूर्ण उघडतो, त्यामुळे अंतर्ग्रहण नळीतील निर्वात कमी होतो व वायपर मंदावतो किंवा थांबतो. म्हणजे नेमकी जेव्हा दृष्टीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो साथ सोडीत असे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२६ मध्ये विद्युत् चलित्रावर चालणारा वायपर बाजारात आणला. पुढे विद्युत् वायपरच सर्वत्र रूढ झाला.

ठराविक अंतराने एकेक खेप करून मध्ये थांबणारा विरामी वायपर हा या साधनाच्या विकासातील पुढचा टप्पा होय. रिमझिम पावसात सतत फिरणारे पाते कोरड्या काचेवर घासते व लवकर झिजते. अमेरिकन अभियंते रॉबर्ट कर्न्स (१९२७–२००५) यांनी माणसाच्या पापणीच्या उघडझापीशी साम्य असलेली ही कल्पना इलेक्ट्रॉनीय मंडलाच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणली. रोधकामधून धारित्र हळूहळू भारित होते व ठराविक पातळीस पोहोचताच ट्रँझिस्टर चलित्राचे मंडल पूर्ण करतो, असे त्याचे तत्त्व आहे. रोधकाचे मूल्य बदलून विरामकाल कमीजास्त करता येतो. कर्न्स यांनी १९६४ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व ते त्यांना १९६७ मध्ये मिळाले. आपल्या एकस्वाचा भंग झाला म्हणून त्यांनी मोटार कंपन्यांविरुद्ध दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. त्यात फोर्ड कंपनीकडून १९९० मध्ये सु. १ कोटी २ लाख डॉलर व त्यानंतर क्रायस्लर कंपनीकडून सु. ३ कोटी डॉलर एवढी भरपाई त्यांना मिळाली.

रचना व कार्य : वायपरच्या चलित्राच्या आसावर मळसूत्र असते व ते एका दंतचक्राला फिरविते. या जोडीमुळे चलित्राचा वेग पुष्कळ कमी होऊन त्या प्रमाणात पीळ वाढतो. दंतचक्राच्या आसावरील लहान क्रँक संयोग दांड्यांच्या मालिकेमार्फत काचेखालील दोन आस मागेपुढे फिरविते. अशा रीतीने चलित्राच्या एकाच दिशेतील चक्रगतीचे आसांच्या दोलनगतीत रूपांतर होते. दंतचक्रावरील संपर्कतबकडीमुळे, चालकाने खटका केव्हाही बंद केला, तरी चलित्र भुजा काचेच्या खालच्या कडेशी येईपर्यंत चालू राहते व मगच थांबते. भुजेच्या या स्थितीला विश्रामस्थिती म्हणतात. भुजा बदलताना हिचे महत्त्व फार आहे.

भुजेचे शीर्ष, बिजागरी, स्प्रिंग व दांडा असे चार भाग असतात. शीर्ष बहुधा जस्ताच्या वा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे ओतीव असते. त्यातील निमुळते छिद्र पोलादी आसाच्या निमुळत्या टोकावर बसते. आसाच्या या टोकावर बारीक उभ्या खाचा पाडलेल्या असतात. वरून नट आवळला म्हणजे आसावरील कठीण दाते शीर्षाच्या मऊ धातूत रुततात आणि दोन्ही भाग एकजीव झाल्याप्रमाणे फिरतात. नटावर पाणी व धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे टोपण असते.

शीर्ष व दांडा यांच्या दरम्यान ताणलेली स्प्रिंग दांड्याला काचेकडे ओढते. पात्याच्या दर मीटर लांबीमागे सु. १५ न्यूटन एवढी प्रेरणा सामान्यतः पुरेशी मानली जाते. त्यामुळे ५० सेंमी. लांबीच्या पात्यावर सु. ७.५ न्यूटन, म्हणजे साधारण ७५० ग्रॅम वजनाइतका भार पडतो. भार याहून फार कमी असल्यास वेगात वाऱ्यामुळे पाते काचेवरून उचलले जाते; फार जास्त असल्यास पाते झिजते, चलित्रावर ताण येतो व काचेवर चरे पडतात. भुजा हाताने उचलून पुरेशी मागे नेली म्हणजे स्प्रिंगची ओढरेषा बिजागरीच्या पलीकडे जाते व भुजा तशीच उभी राहते. ही सोय पाते बदलण्यासाठी केलेली असते.

रबरी पात्याची धार काचेवर सरळ उभी नसते, तर गतीच्या उलट दिशेला कलून घासत जाते. प्रत्येक खेपेच्या शेवटी दिशा बदलते तेव्हा धार दुसऱ्या बाजूला कलंडते. भुजा पिळलेली असेल, तर पात्याचा कणा काचेला लंब राहत नाही आणि एका दिशेने जाताना धार कलंडण्याऐवजी अडखळत, उड्या मारीत जाते. काचेवर उमटणाऱ्या आडव्या रेघांच्या मालिकेचे व कर्कश आवाजाचे हे एक प्रमुख कारण होय.

भुजेतील दोष ओळखणे : पाते बदलून भागेल की भुजाच बदलावी लागेल याचा निर्णय आधी करणे इष्ट असते, कारण पाते स्वस्त असते व ते वारंवार बदलावे लागते, तर भुजा सामान्यतः अनेक वर्षे टिकते. काचेवर बारीक रेघा राहत असतील, तर रबराची धार तुटलेली वा कडक झालेली असते. पात्याच्या मध्यभागी किंवा टोकाशी रुंद पट्टा न पुसता राहत असेल, तर स्प्रिंग सैल झाली असण्याचा अथवा बिजागरी गंजून जखडली असण्याचा संभव असतो. थरथर एकाच दिशेच्या खेपेत होत असेल, तर भुजा पिळलेली असते. गाडी धुताना भुजेला धरून ओढल्याने किंवा धुण्याच्या यंत्राच्या फिरत्या कुंचल्यात ती अडकल्याने असा पीळ पडतो. चलित्राचा आवाज येतो, एक भुजा नीट फिरते पण दुसरी जागीच राहते वा मागाहून ढकलल्यासारखी हलते, अशा वेळी तिचा नट सैल झालेला किंवा शीर्षातील खाचा झिजून गेलेल्या असतात. दोन्ही भुजा हलत नसतील, तर दोष भुजांत नसून वितळतार, चलित्र वा संयोग दांडे यांत शोधावा लागतो. नवे पाते बसवूनही दोष त्याच जागी कायम राहिला म्हणजे भुजा सदोष असल्याचे निश्चित होते.

भुजा बदलणे : नवी भुजा त्याच गाडीच्या त्याच बाजूची असावी लागते. चालकाकडील व शेजारील भुजांची लांबी आणि बाक बहुधा भिन्न असतात, म्हणून त्यांची अदलाबदल करता येत नाही. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात व चालक उजवीकडे बसतो. याउलट पद्धतीच्या देशांसाठी बनविलेल्या गाडीच्या भुजांचा बाक अनेकदा आरशातील प्रतिमेसारखा उलट असतो. त्यामुळे गाडीचे नाव तेच असले, तरी तिची भुजा येथे उपयोगी पडेलच असे नाही.

प्रथम वायपर एकदा चालवून खटक्याने बंद करतात, म्हणजे चलित्र विश्रामस्थितीत येऊन थांबते. गाडीच्या किल्लीने वीजपुरवठा मध्येच तोडल्यास भुजा वाटेतच थांबतात व पुढील सर्व मापे चुकतात. भुजा विश्रामस्थितीत आल्यावर किल्ली काढून घेतात, जेणेकरून काम चालू असताना चलित्र अकस्मात सुरू होणार नाही. त्यानंतर जुने पाते काचेवर जेथे टेकलेले असते तेथे चिकटपट्टी लावून त्याची रेषा आखून ठेवतात. ही खूण हाच नवी भुजा बसविण्याचा खरा आधार असतो.

टोपण काढून नट योग्य मापाच्या पान्याने सैल करतात. तो पूर्ण न काढता टोकाच्या दोन-तीन आट्यांवर ठेवणे श्रेयस्कर, कारण शीर्ष एकदम सुटले तरी भुजा उसळत नाही व आसाच्या आट्यांना इजा होत नाही. काही गाड्यांत बॉनेट उघडल्याशिवाय नटापर्यंत पोहोचता येत नाही. नंतर भुजा काचेवरून थोडी उचलून शीर्षाजवळ धरतात व हलकेच डावी-उजवीकडे डोलवतात. निमुळते छिद्र सैल झाले की भुजा वर निघून येते. जुन्या गाडीत पोलाद व मऊ मिश्रधातू यांच्या सांध्यात पाणी साचून गंज धरलेला असतो व भुजा हाताने निघत नाही. अशा वेळी गंज सोडविणारे पातळ तेल सांध्यात सोडून काही वेळ थांबतात व नंतर दोन पायांचा लहान खेचक लावून शीर्ष सरळ वर ओढतात. शीर्षाखाली पेचकस घालून उचकटणे किंवा आसावर हातोडीने ठोकणे टाळतात. कारण त्यामुळे आस वाकतो, त्याचा धारवा फुटतो, रंग उडतो किंवा काचेच्या कडेला तडा जातो. काचेला एकदा तडा गेला की काही रुपयांच्या बचतीपायी संपूर्ण काच बदलण्याचा खर्च ओढवतो.

भुजा निघाल्यावर आसावरील खाचांत जुन्या शीर्षाच्या धातूचा चुरा अडकलेला दिसतो. तो तारेच्या कुंचल्याने पूर्णपणे काढून टाकणे आवश्यक असते. ही पायरी बहुधा गाळली जाते आणि नवी भुजा थोड्याच दिवसांत घसरू लागते. कारण चुऱ्यामुळे दाते नव्या शीर्षात पुरेसे रुतत नाहीत. याच वेळी आस हाताने हलवून त्याच्या धारव्यात फाजील ढिलाई नाही ना, हेही पाहून घेतात.

नवी भुजा आसावर ठेवताना पाते आखलेल्या रेषेवर येईल असे पाहतात. येथे अचूकतेचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आसावर ७२ खाचा असल्या, तर एक खाच चुकल्याने भुजा ५ अंशांनी सरकते. अशा वेळी आसापासून ६० सेंमी. अंतरावर असलेले पात्याचे टोक सु. ५ सेंमी. इकडेतिकडे जाते. ते खाली सरकले, तर पाते बॉनेटवर आदळते. वर सरकले, तर खेपेच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या चौकटीवर घासते अथवा दोन भुजा एकमेकींत अडकून चलित्र जळण्याचा धोका संभवतो. भुजा जागेवर बसल्यावर नट निर्मात्याने पुस्तिकेत सांगितलेल्या पिळाइतका आवळतात. नट कमी आवळल्यास भुजा घसरते. प्रमाणाबाहेर आवळल्यास मऊ शीर्ष चिरते.

पाते नसलेली भुजा काचेवर कधीही मोकळी सोडू नये. स्प्रिंगच्या जोराने धातूचे उघडे टोक काचेवर आदळून ती फुटू शकते. म्हणून काम चालू असताना काचेवर जाड घडी घातलेले कापड वा पुठ्ठा ठेवतात.

चाचणी नेहमी ओल्या काचेवर घेतली जाते. कोरड्या काचेवर घर्षण फार वाढते व भुजा आपल्या खऱ्या मार्गाने फिरत नाही. प्रथम मंद व नंतर जलद गतीने वायपर चालवून दोन्ही टोकांशी पाते चौकटीला लागत नाही, दोन पाती परस्परांना भिडत नाहीत आणि बंद केल्यावर ती आखलेल्या रेषेवर येऊन थांबतात, याची खात्री करतात. जलद गतीत निरूढीमुळे भुजा किंचित पुढे झेपावते, म्हणून मंद गतीतील चाचणी पुरेशी नसते. थोड्या दिवसांच्या वापरानंतर शीर्ष आसावर आणखी खाली बसते व नट सैल होतो; तो पुन्हा एकदा आवळून मगच टोपण कायमचे बसविणे योग्य ठरते.

इतर प्रकार : सर्वच भुजा नटाने बसविलेल्या नसतात. काही गाड्यांत शीर्षाच्या पोटाशी सरकती पोलादी कडी असते; ती बाहेर ओढली की भुजा निघते. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत भुजा स्प्रिंगच्या चापाने आसावर अडकविलेली असे. मागील काचेवरील वायपरची भुजा याच रीतीने बदलतात. मात्र पाण्याची फवारणी काही वेळा आसाच्या पोकळीतूनच होत असल्याने तेथील नळीला इजा होणार नाही अशी काळजी घ्यावी लागते. मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९८० नंतरच्या काही गाड्यांत एकाच भुजेचा वायपर वापरला. तीत भुजा फिरताना यंत्रणेने आतबाहेर सरकविली जाते व काचेचे वरचे कोपरेही पुसले जातात. अशी भुजा संपूर्ण यंत्रणेचा भाग असल्याने ती बदलण्याचे काम कुशल कारागिराकडेच सोपविणे इष्ट असते. अलीकडील गाड्यांत काचेच्या आतील बाजूस पर्जन्य संवेदक असतो. त्यातून निघणारे अवरक्त किरण काचेच्या बाह्य पृष्ठावरून संपूर्ण अंतर्गत परावर्तनाने परत येतात. काचेवर थेंब असला की काही किरण बाहेर निसटतात व परत येणारा प्रकाश घटतो. त्यावरून वायपर आपोआप सुरू होतो. अशा गाडीत भुजेचे काम करण्यापूर्वी स्वयंचलित खटका बंद केला नाही, तर ओला हात काचेला लागताच भुजा फिरून बोटांना इजा होण्याचा संभव असतो.

भारतातील स्थिती व निगा : भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ल्यूकस-टीव्हीएस या कंपनीसारख्या उद्योगांमुळे वायपरची चलित्रे देशातच तयार होऊ लागली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पुढील काच असलेल्या मोटार वाहनाला, काही अपवाद वगळता, शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. वायपर नादुरुस्त असताना काचेवर तंबाखू चोळण्याचा उपाय टॅक्सी व मालमोटारींच्या चालकांत प्रचलित आहे. त्यामुळे पाण्याचे सुटे थेंब न बनता सलग पातळ थर पसरतो व काही काळ थोडेफार दिसते. परंतु चिखल वा तेलकट थर त्याने निघत नाही, म्हणून हा उपाय वायपरची जागा घेऊ शकत नाही.

भारतीय हवामानात वायपरची हानी पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक होते. अनेक महिने न वापरलेले रबर उन्हाने कडक होते, बिजागरीत धूळ साचून ती जखडते आणि हे दोष पहिल्या जोरदार पावसातच उघड होतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस पाती ओल्या फडक्याने पुसणे, बिजागरीत तेलाचा थेंब सोडणे, नट तपासणे आणि ओल्या काचेवर वायपर चालवून पाहणे हितावह असते. समुद्रकिनाऱ्यावरील खारट हवेत आसाचा सांधा लवकर गंजतो. तेथे नटाचे टोपण हरवले असल्यास ते ताबडतोब नवे बसवावे लागते. भुजा बदलण्याचे काम साध्या हत्यारांनी अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. मात्र ते कोरड्या दिवशी व सपाट जागी करावयाचे असते, कारण भर पावसात घाटात अडकलेल्या चालकाला ते करण्याची संधी क्वचितच मिळते.